अमंगळ आणि अमानुष

'हॅम्लेट' नाटकाच्या तिसऱ्या अंकात राजवाड्यात आलेल्या फिरत्या नटांना राजपुत्र हॅम्लेट अभिनयाविषयी चार गोष्टी सांगतो. नाट्यशिक्षणाच्या वर्गांतून हा प्रवेश इतका घोटला गेला आहे की, त्यातील एका शब्दाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. घसा फोडून ओरडणाऱ्या, हातांनी हवा कापणाऱ्या, तोऱ्यात चालणाऱ्या नटांचा हॅम्लेटला तिटकारा आहे. त्यांना पाहून त्याला वाटते की, ही माणसे निसर्गाने स्वतः घडविली नसावीत. त्याच्या हाताखालच्या रोजंदारीवरील कारागिरांनी ती घडविली असावीत, आणि त्यांनाही ती नीट साधली नसावीत. इतक्या वाईट रीतीने ही मंडळी मनुष्यत्वाची नक्कल करतात. 'इतक्या वाईट रीतीने' हे शब्द मी सोयीसाठी योजले. शेक्सपियरने वापरलेले क्रियाविशेषण आहे 'अबॉमिनेबली'. नापसंती, किळस आणि धिक्कार यांना एका दमात उच्चारणारे हे क्रियाविशेषण इंग्रजीत आजही रूढ आहे. कोणी कोणाला अत्यंत वाईट वागविले, कोणी सभेत लाज वाटेल असे वर्तन केले, की ते कामास येते.

१६२३ साली प्रसिद्ध झालेल्या शेक्सपियरच्या फोलिओ आवृत्तीत मात्र हा शब्द आजच्यासारखा छापलेला नाही. त्यात मध्येच हकाराचे एक अक्षर आहे. म्हणजे तो 'अब्‌हॉमिनेबली' असा वाचावा लागतो. ही मुद्रणाची चूक नव्हे. चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत इंग्रजीत हे हकारयुक्त लेखन सर्रास आढळते, आणि त्यामागे एक व्युत्पत्ती आहे. ती चुकीची आहे. परंतु शब्दाच्या इतिहासात चुकीच्या व्युत्पत्तीचाही एक अंमल असतो आणि कधीकधी तो बरोबर व्युत्पत्तीपेक्षा अधिक काळ चालतो.

खरी व्युत्पत्ती लॅटिनमधील 'ओमेन' म्हणजे शकुन या शब्दापासून निघते. 'अब' म्हणजे पासून, दूर. अपशकुन दिसला की माणूस त्यापासून तोंड फिरवतो. तो अशुभ मानून दूर सारतो. ज्यापासून अशा रीतीने तोंड फिरवावे ते 'अबॉमिनेबल'. खोटी व्युत्पत्ती म्हणते की, हा शब्द 'अब होमिने', म्हणजे 'माणसापासून दूर', यातून आला. जे माणसाला शोभत नाही, जे मनुष्यत्वाच्या कक्षेबाहेर पडले आहे, ते हकारयुक्त 'अब्‌हॉमिनेबल'. मराठीत या दोन्ही व्युत्पत्तींसाठी जणू घडवून ठेवलेले दोन शब्द आहेत. पहिलीचा अर्थ 'अमंगळ', दुसरीचा 'अमानुष'. इंग्रजीतील एकाच शब्दाच्या पोटात निदान तीन शतके हे दोन्ही अर्थ एकमेकांना ढकलीत राहिले.

शेक्सपियरला ही गंमत पुरती ठाऊक होती. १५९८ साली छापल्या गेलेल्या 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट' या सुखात्मिकेत होलोफर्नीझ नावाचा एक पढिक पंतोजी आहे. शब्दांचे उच्चार त्यांच्या लेखनाप्रमाणेच झाले पाहिजेत असा त्याचा हट्ट. 'अब्‌हॉमिनेबल' या शब्दातला हकार लोक खातात म्हणून तो कमालीचा व्यथित होतो. विनोद असा की, ज्या अक्षरासाठी तो एवढा आकांत करतो ते अक्षर मुळात तेथे असावयासच नको होते. अशा पंतोजींची आपल्याकडेही उणीव नाही. परंतु हॅम्लेटच्या तोंडी तोच शब्द आला तेव्हा मात्र शेक्सपियरने हसू आवरले आहे. 'मनुष्यत्व' या नामाच्या अगदी शेजारी हे क्रियाविशेषण बसविले आहे. माणसाची नक्कल माणसापासून दूर जाणाऱ्या रीतीने, अशी ती श्लेषयोजना. व्युत्पत्ती खोटी, पण वाक्य खरे! पुढे विद्वानांनी हकार काढून टाकला, लेखन शुद्ध झाले आणि श्लेष मेला. गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ साली, आणि गणपतराव जोशी यांनी शाहूनगरवासी मंडळीच्या रंगभूमीवर तो राजपुत्र गाजविला. मराठीत येताना हा श्लेष हरवणे अपरिहार्यच होते, आणि इंग्रजांनाही तो टिपा वाचल्यावाचून कळत नसल्याने त्याबद्दल फारशी खंत करण्याचे कारण नाही.

खंत करावयाची तर ती वेगळ्या गोष्टीची. एखाद्या कृत्याचा आपण अतिशय तीव्र शब्दांत निषेध करतो तेव्हा नेमके काय करीत असतो? आपण त्या कृत्याविषयी काही सांगतो, की केवळ स्वतःचे तोंड फिरवतो? आणि ते कृत्य करणाऱ्याला माणसांतून उठवतो, की माणूस म्हणून त्याला जाब विचारतो? या शब्दाच्या दोन व्युत्पत्तींमध्ये हा प्रश्न दडलेला आहे.

प्रथम अमंगळाचा विचार करू. या शब्दाला इंग्रजीत जी जरब आली ती बायबलच्या भाषांतरांमुळे, विशेषतः १६११ साली सिद्ध झालेल्या राजा जेम्सच्या अधिकृत भाषांतरामुळे. त्यात 'अबॉमिनेशन' हे नाम वारंवार येते. हिब्रूतील 'तोएबा' या शब्दासाठी ते योजले आहे आणि लेवीय ग्रंथातील निषिद्ध आहाराच्या प्रकरणात, जेथे मूळ हिब्रू शब्द निराळाच आहे, तेथेही तेच आले आहे. परिणामी निषिद्ध जलचर, मूर्तिपूजा आणि वाण्याचा खोटा तराजू या तीन अत्यंत भिन्न गोष्टी इंग्रज वाचकाला एकाच शब्दाने भेटतात. तराजू खोटा असणे हा अन्याय आहे. त्यात कोणीतरी नाडला जातो. परंतु खवले नसलेला मासा खाण्याने कोण नाडला जातो? मेरी डग्लस या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्युरिटी अँड डेंजर' या ग्रंथात या आहारनिषेधांची मोठी मार्मिक उकल केली. जे प्राणी मान्य वर्गीकरणात नीट बसत नाहीत ते निषिद्ध ठरतात. डुकराचे खूर दुभंगलेले असतात पण ते रवंथ करीत नाही, म्हणून ते धड इकडचे नाही आणि तिकडचेही नाही. पुढे १९९९ साली त्यांनी स्वतःच या मांडणीत बरीच दुरुस्ती केली, तरी अमंगळ म्हणजे जागा चुकलेली वस्तू ही त्यांची मूळ दृष्टी विसरता येत नाही.

त्याच बायबलमधील उत्पत्तीच्या ग्रंथात एक प्रसंग आहे, आणि तो भारतीय वाचकाला तरी समजावून सांगावा लागू नये. योसेफ मिसरात अधिकारपदावर आहे. त्याचे भाऊ धान्य मागण्यासाठी आले आहेत. त्याने त्यांना जेवावयास बसविले आहे. तथापि पाने तीन ठिकाणी वाढली जातात. योसेफाचे वेगळे, भावांचे वेगळे, आणि मिसरी लोकांचे वेगळे. कारण इब्री लोकांबरोबर जेवणे मिसरी लोकांना 'अबॉमिनेशन' वाटे. म्हणजे ज्या ग्रंथात हा शब्द ईश्वरी निषेधाचे शस्त्र म्हणून पदोपदी येतो, त्याच ग्रंथात तो ज्यांचा ग्रंथ आहे त्या लोकांवरही उलटा रोखलेला दिसतो. अमंगळ हे कृत्याच्या अंगी असते की पाहणाऱ्याच्या पंक्तीत, हा प्रश्न ग्रंथकर्त्याने विचारलेला नाही. पण ती तीन वेगळी पाने पाहिल्यावर तो वाचकाने विचारल्यावाचून कसे राहावे?

विसाव्या शतकातील इंग्रजी तत्त्वज्ञानात हा प्रश्न निराळ्या वेषात आला. १९३६ साली ए. जे. एअर या पंचविशीतील तत्त्वज्ञाने 'लँग्वेज, ट्रूथ अँड लॉजिक' या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, तू ते पैसे चोरलेस आणि ते वाईट केलेस, असे मी म्हणतो तेव्हा 'वाईट' या शब्दाने वस्तुस्थितीत कसलीच भर पडत नाही. तू पैसे चोरलेस एवढेच विधान. बाकीचा भाग म्हणजे आवाजातला शहारा किंवा वाक्यापुढचे उद्गारचिन्ह. या मताप्रमाणे 'अबॉमिनेबली' म्हणजे सहा अक्षरी 'शी!' एवढेच. मराठीत 'शी', 'छी', 'थू' अशी केवलप्रयोगी अव्ययांची मोठी संपत्ती असल्याने एअरचे म्हणणे आपल्याला चटकन पटण्याजोगे आहे. व्याकरणकारांनी त्यांना वाक्यरचनेच्या बाहेर बसविले, यातही हाच अभिप्राय असावा.

परंतु एअरच्या मताने एका गोष्टीचा उलगडा होत नाही. 'शी!' म्हणणाऱ्याला 'कशावरून?' असे कोणी विचारीत नाही. 'तू तिला फार वाईट वागवलेस' असे म्हणणाऱ्याला मात्र ते विचारता येते, आणि त्याला उत्तर द्यावे लागते. येथे क्रियाविशेषण या शब्दजातीचेच काही सामर्थ्य आहे. १९५६ साली ऑक्सफर्डचे जे. एल. ऑस्टिन यांनी सबबींविषयी एक व्याख्यान दिले. त्यात त्यांनी नीतिशास्त्राच्या अभ्यासकांना 'चांगले' आणि 'न्याय्य' अशा भारदस्त विशेषणांकडून 'चुकून', 'अपघाताने', 'निष्काळजीपणे' अशा साध्या क्रियाविशेषणांकडे वळविले. त्यांचे गाढवाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. दोघांची गाढवे एका माळावर चरत आहेत. मला माझे गाढव मारावयाचे आहे. मी नेम धरतो, गोळी झाडतो, जवळ जाऊन पाहतो तो ते शेजाऱ्याचे निघते. हे 'चुकून' झाले. पण मी माझ्याच गाढवावर नेम धरला असता ते हलले आणि शेजाऱ्याचे पडले, तर ते 'अपघाताने' झाले. गाढव दोन्हीकडे मेलेच. शेजाऱ्याच्या दारात जाऊन मी काय बोलायचे ते मात्र क्रियाविशेषणावर ठरते. ऑस्टिन यांचे असेही म्हणणे होते की, सरळपणे घडलेल्या कृत्याला क्रियाविशेषण लागतच नाही. माणूस खुर्चीवर बसला, एवढे पुरे. 'स्वेच्छेने बसला' असे म्हटले की काहीतरी बिनसले आहे असा संशय येतो.

ऑस्टिन यांचे लक्ष सबब देणाऱ्या क्रियाविशेषणांवर होते. दोष देणाऱ्या क्रियाविशेषणांना हीच कसोटी लावली तर ती दोन तऱ्हांची दिसतात. 'कपटाने', 'भ्याडपणे', 'कृतघ्नपणे', 'निर्दयपणे' ही एक तऱ्हा. यांतील प्रत्येक शब्द दोष देताना त्याचा पुरावाही मागतो. कृतघ्न म्हणावयाचे तर आधी उपकार झालेला असला पाहिजे. भ्याड म्हणावयाचे तर धोका असला पाहिजे. आरोपीला या शब्दांशी वाद घालता येतो. बर्नार्ड विल्यम्स यांनी १९८५ साली अशा शब्दांना 'दाट' म्हटले ते याच कारणाने: त्यांत वर्णन आणि मूल्यनिर्णय यांची वीण घट्ट असते. दुसरी तऱ्हा 'अबॉमिनेबली'ची. तीत दोष पुरेपूर आणि वर्णन शून्य. काय केले, कसे केले, कोणाला दुखावले, यांपैकी काहीच ती सांगत नाही. बोलणाऱ्याने तोंड फिरविले आहे एवढेच कळते. डॉ. जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या कोशात या शब्दकुळाची नोंद करताना, हलक्याफुलक्या बोलण्यात तो सैल आणि अनिश्चित निंदेचा शब्द आहे अशा अर्थाचा शेरा मारला आहे. कोशकाराच्या शेऱ्यात एवढी नैतिक जाण क्वचित आढळते.

सैल शब्दाचे पुढे जे होते तेच याचे झाले. निंदा गळून गेली, जोर तेवढा राहिला. लॉर्ड चेस्टरफील्ड यांनी १७५४ साली एका नियतकालिकात उच्चभ्रू स्त्रियांच्या बोलण्याची थट्टा केली. एका बाईंना तपकिरीची सोन्याची डबी 'अफाट' सुंदर वाटली, कारण ती 'अफाट' लहान होती. जेन ऑस्टिन यांच्या 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'तील बडबडी मंडळी 'राक्षसी' या अर्थाचा 'मॉन्स्ट्रस' शब्द आपला आनंद व्यक्त करण्यासाठीही वापरतात. आपण यांना हसण्याचे कारण नाही. 'भयंकर सुंदर' आणि 'भयानक गोड' हे प्रयोग मराठीत आता कोणाला खटकतही नाहीत. भीतीचे शब्द असे स्वस्त झाले की खऱ्या भीतीच्या वेळी भाषेच्या हाती काय उरते, हा विचार मात्र करावा लागतो. तेव्हा आपण 'तीव्र' हे विशेषण शोधून काढतो. वर्तमानपत्रांत नित्य वाचावयास मिळते की, घटनेचा 'तीव्र शब्दांत निषेध करण्यात आला'. ते तीव्र शब्द कोणते होते हे कधीही छापले जात नाही. निषेध कोणी केला हेही कर्मणी प्रयोगात विरून जाते. शब्दांची तीव्रता घोषित करणे हेच शब्दांचे काम होऊन बसते.

वस्तुतः मराठीला निषेधासाठी क्रियाविशेषणाची फारशी गरज कधी भासली नाही. 'निंद्यपणे', 'घृणास्पद रीतीने' हे शब्द कोशांना आणि भाषांतरकारांना लागतात; ओसरीवर ते ऐकू येत नाहीत. आपला नैतिक भार क्रियापदांवर असतो. छळणे, नाडणे, गांजणे, हिणवणे, लुबाडणे, जाच करणे. 'सुनेला जाच केला' या वाक्यात क्रियाविशेषणाला जागाच नाही. 'वाईट रीतीने जाच केला' म्हटले तर ऐकणारा हसेल, कारण चांगल्या रीतीने जाच कसा करतात? ही सर्व क्रियापदे 'दाट' आहेत. त्यांत पीडा देणारा आणि पीडा भोगणारा असे दोघेही हजर असतात. निंदा करणाऱ्याचा शहारा त्यांत मागे राहतो आणि ज्याचे नुकसान झाले तो पुढे येतो. मराठी समीक्षेत मात्र ही क्रियापदांची भाषा आली नाही; तेथे आम्ही 'सुमार' आणि 'भिकार' या विशेषणांवर भागवीत आलो, आणि कृतीत नेमके कोठे काय बिघडले हे सांगण्याचे श्रम वाचविले.

आता अमानुषाकडे वळले पाहिजे; कारण खरा धोका तेथे आहे.

१३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने निःशस्त्र जमावावर गोळीबार करविला. अधिकृत आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली. प्रत्यक्षातील संख्या बरीच अधिक असल्याचे भारतीय बाजूने सतत सांगितले गेले. ८ जुलै १९२० रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहात या प्रकरणावर वादळी चर्चा झाली. युद्धमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी डायरच्या कृत्याचा निषेध केला आणि त्यासाठी 'मॉन्स्ट्रस' हा शब्द वापरला. त्यांच्याच पक्षसरकारमागचे अनेक सभासद डायरच्या बाजूचे होते. वरिष्ठ सभागृहाने थोड्याच दिवसांत डायरला अनुकूल असा ठराव संमत केला आणि एका वर्तमानपत्राने त्याच्यासाठी २६,००० पौंडांहून अधिक निधी जमविला. हे ध्यानात घेता चर्चिल यांच्या शब्दाला धैर्य लागले होते यात शंका नाही. पण तो शब्द काय करतो ते पाहा. 'मॉन्स्ट्रम' हाही लॅटिनमधील शकुनाचाच शब्द. देवांनी धाडलेला विपरीत, अशुभसूचक जीव. असा जीव कोणाच्या वंशातला नसतो. चर्चिल यांच्या भाषणाचा रोखही तोच होता: साम्राज्याच्या इतिहासात ही घटना एकटी आणि वेगळी उभी आहे, तिला दुसरे उदाहरण नाही. कृत्य जितके राक्षसी ठरवावे तितके ते साम्राज्याच्या अंगावरून गळून पडते. १८५७ नंतरच्या सूडसत्राचे, त्याच वसंतात पंजाबात माणसांना गल्लीतून पोटावर सरपटत जावयास लावणाऱ्या आदेशाचे मग काय करावयाचे? ती कृत्ये या राक्षसाच्या कुळातली नव्हेत, असे मानण्याची सोय निषेधाच्या तीव्रतेनेच करून दिली. शंभर वर्षांनी, एप्रिल २०१९मध्ये, पंतप्रधान टेरेसा मे यांनी त्याच सभागृहात त्या घटनेला लाजिरवाणा व्रण म्हटले आणि तीव्र खेद व्यक्त केला. क्षमा मागितली नाही. तेथेही क्षमायाचनेची जागा विशेषणानेच भरून काढली.

त्याच घटनेचा रवींद्रनाथांनी केलेला निषेध या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मे १९१९च्या अखेरीस त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून 'सर' हा किताब परत केला. त्यांच्या पत्रात कठोर शब्द आहेत. पण पत्राचा भार त्या शब्दांवर नाही. सन्मानाच्या चिन्हांमुळे आपली लाज अधिकच उघडी पडते, असे त्यांचे म्हणणे होते. येथे निषेध करणारा स्वतः त्या चित्रात उभा आहे. लाज इतरांच्या माथी मारून तो मोकळा होत नाही. किताब परत करणे हे क्रियापद आहे.

या शब्दाच्या प्रवासातील एक विनोदी वळण येथेच सांगून टाकतो. चर्चिल यांच्या भाषणानंतर एका वर्षाने, १९२१ साली, हॉवर्ड-बरी यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टची पाहणी करण्यास गेलेल्या तुकडीला बर्फात मोठी पावले दिसली. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन' पत्राचे हेन्री न्यूमन यांनी त्या तुकडीच्या हमालांकडून माहिती घेतली, 'मेतोह-कांग्मी' हे तिबेटी नाव ऐकले आणि त्याचे भाषांतर केले 'अबॉमिनेबल स्नोमॅन'. त्यातील 'कांग्मी' म्हणजे हिममानव. विशेषणाच्या बाबतीत न्यूमन यांनी बरीच मोकळीक घेतली असे नंतरच्या अभ्यासकांचे मत आहे. ज्याला कोणी धड पाहिले नाही, ज्याने कोणाचे काही वाकडे केल्याचे सिद्ध नाही, त्याच्या नावापुढे जगाने हा धिक्कार कायमचा जोडून दिला! तो माणूस की पशू हे ठरत नव्हते, एवढाच त्याचा अपराध. होलोफर्नीझला हे विशेषण पसंत पडले असते, हकारासह.

हिममानवाची गोष्ट हसण्यावारी नेता येते, कारण तो बहुधा नाहीच. परंतु जे आहेत, ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांच्याबाबत अमंगळ आणि अमानुष हे दोन्ही अर्थ आपल्या समाजाने एकत्र वापरले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर स्पृश्यांनी काय केले? परतणाऱ्या लोकांना मारहाण केली आणि पंचगव्याने तळे 'शुद्ध' केले. मारहाण ज्यांनी केली त्यांचे हात कोणाला अमंगळ वाटले नाहीत. ज्यांनी ओंजळभर पाणी प्याले त्यांच्या हातांनी तळे बाटले. बायबलातील त्या तीन वेगळ्या पानांची आठवण येथे होते. तळे सर्वांना खुले असल्याचा निर्णय मुंबईच्या उच्च न्यायालयाकडून यावयास १९३७ साल उजाडावे लागले.

तरीही मराठीत या शब्दाला उलटे फिरविण्याचे काम महाडच्या तीनशे वर्षे आधी झालेले होते. वैष्णवांच्या धर्माचे स्वरूप सांगणाऱ्या आपल्या प्रसिद्ध अभंगात तुकोबा 'अमंगळ' हे विशेषण भेदबुद्धीलाच लावतात. ज्या शब्दाने माणसे बाहेर घातली जात होती तोच शब्द त्यांनी बाहेर घालण्याच्या वृत्तीवर रोखला. त्याही आधी सोयराबाईंनी देहाच्या विटाळाविषयी जो प्रश्न केला, तो तर एखाद्या नैयायिकाच्या प्रश्नासारखा बिनतोड आहे: विटाळावाचून उत्पन्न झालेला देह दाखवा. या दोघांच्या बोलण्यात शिसारी नाही असे नाही. पण ती कोणाकडे पाठ फिरवून बोललेली नाही. ऐकणाऱ्याने उत्तर द्यावे अशी तीत अपेक्षा आहे.

शिसारी हा शब्द आला म्हणून संस्कृत व्याकरणातील एका जागेचा उल्लेख करावासा वाटतो. पाणिनीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी एक लहानसे सूत्र आहे. त्याने तीन धातूंना एकच प्रत्यय सांगितला आणि तीन शब्दांची वाट मोकळी झाली: जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा. टीकाकार त्यांचे अर्थ देतात निंदा, क्षमा आणि रोगावरचा उपाय. लगेच पुढच्या सूत्रात बीभत्स आणि मीमांसा हे शेजारी शेजारी सिद्ध होतात. वैयाकरणांनी ही मांडणी केवळ रूपसाधर्म्यासाठी केली. तीतून नीतिशास्त्र काढणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. तरी 'जुगुप्सा'चा धातू 'गुप्' म्हणजे रक्षण करणे हाच आहे. निंदेच्या तळाशी स्वतःला जपण्याची इच्छा असते, हे शकुनापासून तोंड फिरविणाऱ्या लॅटिन माणसाने जाणले तसे या शब्दानेही जाणले.

आणि अर्जुनाचे एक नाव 'बीभत्सु' आहे. विराटपर्वात तो उत्तराला आपल्या दहा नावांचे अर्थ सांगतो, तेव्हा या नावाचा अर्थ असा सांगतो की, युद्ध करताना मी कधीही बीभत्स कृत्य करीत नाही. किळस येथे इतरांच्या नव्हे, स्वतःच्या संभाव्य कृत्याविषयी आहे. पुढे द्रोणपर्वात भूरिश्रवा सात्यकीला खाली पाडून त्याच्यावर खड्ग उगारतो. अर्जुन दुसऱ्याशी लढणाऱ्या त्या वीराचा उगारलेला हात बाण सोडून तोडतो. हात गमावलेला भूरिश्रवा अर्जुनाला राक्षस म्हणत नाही. तू कुरूंच्या कुळातला, इंद्र, द्रोण, कृप यांच्यापाशी अस्त्रे शिकलेला. मग मी तुझ्याशी लढत नसताना तू हे असे कसे केलेस, या अर्थाचा जाब तो विचारतो. अर्जुन चिडतो, आपल्या आश्रिताचे रक्षण करणे हा आपला धर्म असल्याचे सांगतो, निःशस्त्र अभिमन्यूचा वध काढतो. त्याचे उत्तर पुरेसे आहे की नाही यावर रणांगणातील कोणीही निवाडा देत नाही. भूरिश्रवा उरलेल्या हाताने बाणांचे आसन रचून प्रायोपवेशनाला बसतो. आणि भोवतीचे सर्वजण नको नको म्हणून ओरडत असताना सात्यकी पुढे होऊन त्याचे मस्तक उडवतो.